वाचक विचारतात : कोंबडीने रस्ता का ओलांडला?

निपाणीहून एक शिक्षिका लिहितात : सहावीच्या वर्गात मी मुलांना इंग्रजीतला एक प्रसिद्ध विनोद सांगितला. ‘कोंबडीने रस्ता का ओलांडला? पलीकडे जायचे होते म्हणून.’ एकही मूल हसले नाही. उलट एकाने ‘मग पुढं काय झालं, बाई?’ असे विचारले. यात विनोद नेमका कोठे आहे?

उत्तर : मुलांची काही चूक नाही. हा विनोद १८४७ साली न्यूयॉर्कच्या ‘निकरबॉकर’ मासिकात छापून आला होता, तेव्हा निपाणीला पोहोचेपर्यंत तो थोडा शिळा होणारच. त्यातली गंमत अशी की ऐकणारा त्याला कोडे समजून डोके खाजवू लागतो आणि उत्तर मात्र कोड्याचे नसतेच. ‘सुपभर लाह्या, त्यात एक रुपया’ असे कोडे आजीने घातल्यावर नातवंडांनी चांदण्या आणि चंद्र आठवावा, आणि आजीने मात्र ‘अरे, सुपात लाह्या आहेत आणि त्यात एक रुपया पडलाय, काढून दे’ असे म्हणावे, तसा हा प्रकार आहे.

शिवाय इंग्रजीतल्या त्या शब्दातून नर की मादी हे कळत नाही. मराठीत ते आधी ठरवावे लागते, आणि ‘कोंबडा’ म्हटले की तो पलीकडच्या खुराड्याकडे कशासाठी निघाला हे न सांगताही कळते, म्हणजे प्रश्नच संपतो. आपल्या भागात ‘कोंबडं’ म्हणण्याची सोय आहे. पुढच्या वेळी ती वापरून पाहावी. मुले हसतील असे मात्र आम्ही म्हणत नाही.

शहापूर, बेळगाव येथील एक वाचक : जुने उत्तर आमच्याकडे चालत नाही. ‘पलीकडे जातो’ असे म्हटले की समोरचा लगेच ‘कशाला?’ असे विचारतो. सीमाभागासाठी काही नवी उत्तरे सुचवावीत.

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. पहिले उत्तर असे की, कोंबडीने काहीही ओलांडले नाही. ३१ ऑक्टोबर १९५६ च्या संध्याकाळी ती मुंबई राज्यातल्या खुराड्यात जाऊन बसली, सकाळी डालगे उचलले तेव्हा ती म्हैसूर राज्यात होती, आणि १९७३ मध्ये त्याच खुराड्यात तिच्या वंशजांना आपण कर्नाटकात असल्याचे समजले. तिची चंदगडची बहीण मात्र होती तिथेच राहिली, कारण बेळगाव जिल्ह्यातला तेवढा एक तालुका मुंबई राज्यात ठेवण्यात आला. पुढे दोघींना भेटायचे झाले तर बाची ते शिनोळी एवढा रस्ता पुरे होता. पण त्याला आता राज्य ओलांडणे म्हणतात.

दुसरे उत्तर न्यायप्रविष्ट आहे. हा सीमाभाग आपल्याला मिळावा म्हणून महाराष्ट्र सरकारने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तेव्हा एक कोंबडी निकाल लागला की त्याप्रमाणे पलीकडे जावे की इकडेच राहावे हे ठरवू, असे म्हणून रस्त्याच्या कडेला थांबली. अंडे उबायला २१ दिवस आणि पिल्लू अंड्यावर यायला पाच-सहा महिने धरले, तर तेव्हापासून तिच्या तीस पिढ्या तरी सहज झाल्या. सध्याची कोंबडी त्याच जागी उभी आहे, पण आपण येथे का उभे आहोत हे तिला आईकडून पुरते कळलेले नाही.

किरकोळ उत्तरेही आहेत. ज्या बाजूला पेट्रोलचा दर उतरतो त्या बाजूला ती जाते. चंदगडकडची असेल तर बेळगावला दवाखान्यात किंवा कापड खरेदीला येते. श्रावणाच्या आदल्या दिवशी काही कोंबड्या जीव वाचवायला सीमा ओलांडतात, परंतु त्यांना पंचांग वाचता येत नाही. मराठी आणि कन्नड दोन्ही पंचांगांत महिना अमावास्येलाच संपत असल्यामुळे पलीकडेही त्याच दिवशी पातेले चुलीवर चढलेले असते.

खानापूरहून एक वाचक : शेजारच्या कन्नडभाषक काकांनी हाच विनोद त्यांच्या भाषेत सांगितला. सगळे हसले, आमचे आजोबा मात्र गंभीर झाले. असे का व्हावे?

उत्तर : काका बहुधा ‘कोळी रस्ते याके दाटितु?’ असे म्हणाले असतील. कन्नडमध्ये कोंबडीला कोळी म्हणतात, रस्त्याला रस्ते म्हणतात, ‘याके’ म्हणजे का, आणि ‘दाटितु’ म्हणजे ओलांडला. आजोबांच्या मराठी कानाला मात्र समुद्रावरचे कोळी बांधव जाळी घेऊन खानापुरात उतरल्याचे आणि रस्ते दाटून गेल्याचे ऐकू आले असणार. मोर्चा आहे, दुकाने मिटवा, असे त्यांना वाटले असल्यास आम्हांला नवल नाही. उत्तरात मात्र घोटाळा होत नाही. ‘आ कडे होगलिक्के’, म्हणजे त्या बाजूला जाण्यासाठी. त्यातले ‘कडे’ आपलेही आहे आणि त्यांचेही, आणि त्याच्यावर अजून कोणी दावा लावलेला नाही.

कोल्हापूरचे एक दुचाकीस्वार : आपल्या भागातून जाताना माझ्या गाडीखाली एक कोंबडी आली. मालकाने गावठी कोंबडीच्या दराच्या चौपट पैसे मागितले. हे योग्य आहे काय?

उत्तर : गाडीखाली आलेली कोंबडी नेहमी अंड्यावर आलेलीच असते, हा दोन्ही राज्यांतला अलिखित कायदा आहे. तिने पुढे घातली असती ती अंडी, त्यांतून निघाली असती ती पिल्ले आणि त्या पिल्लांची अंडी, असा हिशेब वाढत जातो आणि गाडीचा क्रमांक एमएच ०९ ने सुरू होत असेल तर थोडा लवकर वाढतो. (केए २२ ची गाडी घेऊन चंदगडात गेलेल्यांचा अनुभव वेगळा नाही.) मालकाच्या अंगणात एकदा नजर टाकली असती तर बरे झाले असते, तेथे नुसत्या पांढऱ्या बॉयलर कोंबड्या असत्या, तर ‘गावठी’ या शब्दावर आपल्याला घासाघीस करता आली असती.

शिनोळीजवळून एक गृहिणी : माझी कोंबडी रोज दुपारी रस्ता ओलांडून शेजाऱ्यांच्या गवताच्या गंजीत अंडे घालते. ते अंडे कोणाचे? आणि ती तिकडे का जाते?

उत्तर : इतक्या पत्रांत खरी, जिवंत कोंबडी आणि खरा रस्ता असलेले हे एकच पत्र आहे, म्हणून त्याचे खरे उत्तर देतो. अंड्यावर आलेली कोंबडी आडोशाची, अंधारी, माणसांची ये-जा नसलेली जागा शोधते. आपल्या घरी तिने घातलेले प्रत्येक अंडे ऊब देण्याआधीच नाहीसे होते, हे तिच्या ध्यानात आले असावे. अंड्याच्या मालकीवरून शेजाऱ्यांशी वाद घालू नये, कारण गंज त्यांची आहे आणि वाद सुरू झाला की ते ती हलवतील. दुपारी ते झोपले की जाऊन अंडी आणावीत, पण एक अंडे तेथेच राहू द्यावे. सगळी उचललीत, तर ती आणखी एक रस्ता ओलांडेल.