इंग्रजीतल्या ‘वाइड-आइड’ या विशेषणाचा नेमका अर्थ काय? मराठीत काय म्हणावे?

‘वाइड-आइड’ म्हणजे नवलाने डोळे विस्फारलेला, आणि त्यावरूनच निरागस, जगाचे टक्केटोणपे न खाल्लेला. शब्दाची घडण आपल्या बहुव्रीही समासासारखी आहे: लंब उदर असलेला तो लंबोदर, तसे ‘वाइड’ म्हणजे मोठे उघडलेले डोळे ज्याचे तो. पहिल्यांदा समुद्र पाहणारे मूल पापणी न लववता बघत राहते, तो चेहरा डोळ्यांसमोर आणा. आश्चर्य आणि निष्पापपणा दोन्ही त्यात एकत्रच असतात, म्हणून इंग्रजीतही एकाच शब्दात दोन्ही अर्थ मुरले. मराठीत एकच प्रतिशब्द सगळीकडे बसवू नका. मूल जादूचे प्रयोग बघत असेल तर ‘डोळे विस्फारून’, स्वभावाबद्दल बोलायचे असेल तर ‘निरागस’. ‘भाबडा’ मात्र जपून वापरा, कारण त्यात सहज फसणारा अशी छटा येते. अर्थात ती छटा इंग्रजी शब्दातही आहेच: मोठ्या माणसाला, विशेषतः नोकरीत नव्याने आलेल्याला, ‘वाइड-आइड’ म्हटले तर ते कौतुक असेलच असे नाही, ‘अजून अननुभवी आहे’ असेही सुचवायचे असू शकते. शिवाय भीतीने डोळे मोठे झाले तरी हाच शब्द येतो, तेव्हा आधी पुढचे-मागचे वाक्य वाचा. ‘स्टारी-आइड’ याच्या जवळचा वाटतो, पण तो स्वप्नाळू माणसासाठी आहे.