सेनापती वांग ज्येन हावरट होता का?

प्रश्न : आमच्या रामबागेतल्या वाचनकट्ट्यावर परवा प्राचीन चीनच्या सेनापतींचा विषय निघाला. छिन राज्याचा वांग ज्येन मोहिमेवर निघताना राजाकडे जमिनी, वाडे, बागा मागत राहिला, असं एकांनी वाचून दाखवलं. सगळे म्हणाले, काय हा हावरटपणा! बाई, तुमचं मत काय?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : नमस्कार. तो हावरट नव्हता, हे कट्ट्यावर ठासून सांगा. या मागण्या कधी सुरू झाल्या, ते आधी पाहू.

राजा यिंग चंगला (हाच पुढे चीनचा पहिला सम्राट झाला) दक्षिणेचं छू राज्य जिंकायचं होतं. तरुण ली शिन म्हणाला, दोन लाख फौज पुरे. वांग ज्येन म्हणाला, सहा लाखांशिवाय जमणार नाही. ‘सेनापती म्हातारे झाले’ म्हणत राजाने ली शिनला पाठवलं, आणि वांग ज्येन आजारपण सांगून घरी गेला. ली शिनचा पार धुव्वा उडाला. तेव्हा राजा स्वतः घोडे दामटत वांग ज्येनच्या गावी, पिनयांगला आला आणि त्याने माफी मागितली. म्हातारा तरी सहा लाखांवर ठाम! शेवटी तेवढे मिळाले.

म्हणजे राज्याची जवळजवळ सगळी फौज एका माणसाच्या हाती आली. मागण्या सुरू झाल्या त्या इथून. निरोप द्यायला आलेल्या राजाकडे त्याने जमिनी मागितल्या, राजा खळखळून हसला. पुढे सरहद्दीच्या खिंडीशी पोचल्यावरही पाचदा दूत पाठवून तेच मागणं. सोबतचा कुणी म्हणाला, आता अती होतंय. त्यावर वांग ज्येनने सांगितलं, की राजा संशयी आहे. मुलानातवंडांची सोय मागितली नाही, तर तो बसल्या जागी माझ्यावर संशय घेईल.

एवढी फौज हाती असलेला सेनापती उलटेल, हा संशय जीवघेणा होता. छिनच्याच बाय ची या सेनापतीने इ.स.पू. २६० मध्ये झाओ या शत्रुराज्याची प्रचंड फौज बुडवली. तीनच वर्षांनी त्याच्या राजाने त्याला तलवार पाठवून मरायला लावलं. झाओचा सेनापती ली मू तर वांग ज्येनलाही आवरेना. मग छिनने झाओच्या एका दरबाऱ्याला सोनं चारून राजाचे कान भरले आणि ली मूला त्याच्याच राजाने मारलं. वांग ज्येनने त्याचा फायदा घेतला होता. राजाचे कान भरले की काय होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? फौज लांब गेली की दरबारात काय कुजबुज चालते, हे शिंदे-होळकरांच्या माळव्यात राहणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको.

शाळेत शिकवताना मी मुलांना पुढचा प्रसंग आवर्जून सांगायची. छूच्या हद्दीत त्याने तटबंदी केली आणि तो बसून राहिला. शत्रू रोज डिवचायचा, हा बाहेर पडेना. सैनिकांना विश्रांती, आंघोळी, चांगलं जेवण. स्वतः त्यांच्याच पंक्तीला. एके दिवशी विचारलं, पोरं खेळतात का? उत्तर आलं, दगड फेकायच्या, उड्या मारायच्या पैजा लावतात. म्हणाला, आता ही लढतील! कंटाळून मागे वळलेल्या छूच्या फौजेवर तो तुटून पडला. त्यांचा सेनापती श्यांग येन पडला आणि इ.स.पू. २२३ मध्ये छू राज्य संपलं.

त्याच्यावर खरा ठपका ठेवला तो शंभरेक वर्षांनी लिहिणाऱ्या इतिहासकार सिमा छ्येनने, आणि तो लोभाचा नाही. राजा याला गुरूसारखा मानत होता, तरी याने त्याला चांगल्या वाटेवर आणलं नाही, मरेपर्यंत मर्जी सांभाळली, असं तो म्हणतो. इ.स.पू. २०७ मध्ये वांग ज्येनचा नातू वांग ली शत्रूच्या, म्हणजे श्यांग यूच्या हाती सापडला, आणि हा श्यांग यू त्या श्यांग येनचाच नातू. सिमा छ्येनला हे त्या मर्जी सांभाळण्याचंच फळ वाटतं. नातवाचं मला पटत नाही, पण मूळ ठपका पुरता पटतो. कट्ट्यावर वाद घालायचाच तर यावर घाला, आणि कोण काय म्हणालं ते मला जरूर कळवा.