चेहऱ्यावर टॅटू काढला तर नोकरी मिळायला अडचण येते का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: राहायला कोपरखैरणे, हॉटेल मॅनेजमेंटचं शेवटचं वर्ष, डाव्या डोळ्याखाली छोटासा बाण काढून घ्यायचाय आणि घरचे म्हणतायत, पुढे कोणी दारात उभं करणार नाही. वयाने बराच लहान असशील म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

ठाण्यात वागळे इस्टेटला माणसं पुरवणाऱ्या एका फर्ममध्ये मी चौदा वर्षं भरतीचं काम करतेय. शोरूम, हॉटेलं, गोदामं, कॉल सेंटर, हाउसकीपिंग, सगळीकडे आमची माणसं असतात. नोकरी मिळेल रे. कुठल्या खोलीतली मिळेल, ते बघायला हवं.

२०२१ मध्ये घोडबंदर रोडच्या एका इलेक्ट्रॉनिक्स शोरूमला मी एक मुलगा दिला होता. कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत, जबड्याच्या कडेकडेने पानांची वेल. तेव्हा सगळ्यांच्याच तोंडाला मास्क, इंटरव्ह्यूही मास्क लावूनच झाला. कागदपत्रं तपासताना मी ती वेल पाहिली होती आणि गप्प बसले होते. मुलगा बोलण्यात पटाईत. फ्रिज बघायला आलेल्या माणसाला स्टॅबिलायझर आणि वाढीव वॉरंटी गळ्यात घातल्याशिवाय सोडायचा नाही. तीन महिन्यांत इन्सेंटिव्हमध्ये पहिला. गिऱ्हाईकं त्याला नावाने विचारत यायची.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यात मास्कची सक्ती उठली. पाडव्याच्या गर्दीत कोणाला कोणाच्या तोंडाकडे बघायला वेळ नव्हता. सोमवारी मॅनेजरचा फोन आला. "मॅडम, माझं काही नाही हो, पण कस्टमरला कसं वाटेल? बदलून द्या." मी विचारलं, कोणी तक्रार केली का? कोणीच केली नव्हती.

मी भांडले नाही. त्याला फोन मीच केला आणि भिवंडीच्या गोदामात लावून दिलं. पगार कागदावर तेवढाच, पण इन्सेंटिव्ह गेला, म्हणजे हातात पडणारे पैसे जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. "गोदामात चालतो ना मॅडम माझा चेहरा?" एवढंच म्हणाला.

आमच्या धंद्यात आक्षेप कधीच स्वतःचा नसतो. शोरूमवाला कस्टमरचं नाव घेतो, हॉटेलवाला गेस्टचं, कॉल सेंटरवाला परदेशातल्या क्लायंटचं. त्यामुळे वाद घालायला समोर माणूसच सापडत नाही. टॅटूमुळे नाकारलं असं लेखी तर कोणी देतच नाही, "प्रोफाइल होल्डवर आहे" म्हणतात. आणि दिलं तरी काय? राज्यघटनेच्या कलम १५ आणि १६ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान वगैरे आहे, कातडीवर स्वतः काढून घेतलेलं चित्र त्यात बसत नाही. खासगी मालकाला त्यावरून जाब विचारता येईल असा सरळ कायदा आपल्याकडे नाही.

आता तुझ्या क्षेत्राचं. ट्रेनिंगला चार खाती फिरवतात हे तुला माहीतच आहे: फ्रंट ऑफिस, सर्व्हिस म्हणजे टेबलावर वाढणं, हाउसकीपिंग, किचन. यातल्या पहिल्या दोन ठिकाणी दाढी, नखं, बुटांची पॉलिश रोज तपासली जाते. तिथे डोळ्याखालचा बाण घेऊन उभं राहायचं म्हणजे पहिल्याच दिवशी आत पाठवणी. किचनमध्ये मात्र खरंच कोणाला फरक पडत नाही. मी दिलेल्या कुकपैकी कित्येकांचे दोन्ही हात मनगटापर्यंत भरलेले आहेत. (ताजा टॅटू असताना जाऊ नकोस. ती उघडी जखम असते, आणि अन्न हाताळणाऱ्याच्या अंगावर उघडी जखम चालत नाही. दोन-तीन आठवडे जाऊ देत.) अडचण पुढे येते. शेफ वर चढला की त्याला बाहेर यावं लागतं. बँक्वेटच्या पार्टीशी मेनू ठरवायचा, गेस्टच्या टेबलापाशी जायचं, फोटोत उभं राहायचं. तेव्हा पुन्हा कोणीतरी "गेस्टला कसं वाटेल" म्हणतं. क्रूझचं डोक्यात असेल तर बाण विसर. मानेवरचं आणि चेहऱ्यावरचं बहुतेक क्रूझ कंपन्या चालवून घेत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक विमान कंपन्यांत केबिन क्रूला तर युनिफॉर्मबाहेर टॅटू दिसूनच चालत नाही.

सरकारी भरतीचा विचार असेल तर तिथे निदान नियम छापलेले असतात. लष्करात कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू, एवढ्याच जागा. निमलष्करी दलांत डावाच हात, कारण उजव्याने सलाम करायचा असतो, आणि टॅटू त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा लहान हवा. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या प्रथेप्रमाणे लष्करात सूट आहे.

यावरून आठवलं. ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये आमच्या हाउसकीपिंगच्या एक मावशी होत्या, मुरबाडकडच्या. कपाळावर, हनुवटीवर, गालावर गोंदणाचे हिरवे ठिपके. काजळीचं काळं कातडीखाली गेलं की असंच हिरवट-निळं दिसतं. नऊ वर्षं त्यांनी तिथे काम केलं, एकाही क्लायंटने आक्षेप घेतला नाही. मला वाटायचं, गोंदण म्हणजे आपली परंपरा, माझ्या आजीच्याही कपाळावर होतं, लोक मान ठेवतात. मग एकदा त्या महिनाभर आजारी पडल्या, बदली बाई गेली, आणि त्या मजल्यावर माणूस बदललाय हेच कोणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हा कळलं की मावशींच्या चेहऱ्याकडे कोणी बघतच नव्हतं.

चालतं कुठे, तेही सांगते. महापे, ऐरोलीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत टेक्निकल राउंडला कोणी चेहरा बघत नाही. व्हिडिओ एडिटिंग, सलून, जिम, टॅटू स्टुडिओ, स्वतःचं दुकान, स्वतःचं क्लाउड किचन. आणि हो, पासपोर्टच्या अर्जात दिसणारी ओळखखूण लिहायची असते. तिथे बाणाचा उपयोग होईल.

"नोकरीत अडचण आली तर लेझरने काढून टाकेन," असं तू लिहिलंयस. ते पाटी पुसण्यासारखं नसतं. साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने बऱ्याच बैठका लागतात, म्हणजे वर्ष गेलंच. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते, हिरवी आणि पिवळी चिवट. पांढरी किंवा त्वचेच्या रंगाची शाई कधीकधी लेझर लागल्यावर उलट काळी पडते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर पांढरट डाग मागे राहायची भीती वेगळीच. आणि डोळ्याला इतकं लागून असेल तर बुबुळावर धातूची ढाल बसवून लेझर मारतात. माझ्या मावसबहिणीने कपाळावरचे तीन ठिपके असे काढून घेतले. आता ठिपक्यांच्या जागी तीन फिकट ठिपके आहेत.

बाकी, चांगला आर्टिस्ट पहिलाच टॅटू चेहऱ्यावर काढून देत नाही. हाताचा पंजा, मान, चेहरा या जागांना त्यांच्यातही "जॉब स्टॉपर" म्हणतात. पहिल्याच भेटीत "बस, काढतो" म्हणणारा भेटला तर तिथून उठ.

माझं ऐकायचं तर आधी ट्रेनिंगची चारही खाती पुरी कर, पहिली नोकरी पक्की होऊ दे, सर्व्हिसला जायचं की किचनला ते तुझं तुला कळू दे. तोवर दंडावर काढ, हवा तेवढा मोठा. तरीही बाणच हवा असेल तर आठवडाभर टिकणारे तात्पुरते टॅटू मिळतात. तो लावून ठाणे-वाशी लोकलने चार दिवस ये-जा कर, आणि ज्या नोकरीची तुला गरज नाही अशा दोन-तीन ठिकाणी वॉक-इन देऊन ये. रिसेप्शनवरची मुलगी तुझा बायोडेटा घेताना कुठे बघते, ते बघ.