मंगळाचे व्हिडिओ बघतोस ते ठीक, पण कॅप राऊंडला, म्हणजे इंजिनीअरिंग प्रवेशाच्या फेरीला, ब्रँच कुठली भरायची?

बेटा, तुझं पत्र दोनदा वाचलं. बारावी सायन्स झालीये, सीईटीला बरे मार्क पडलेत, वसमतला राहतोस, बाबा एका ठेकेदाराकडे साईट सुपरवायझर आहेत आणि ते म्हणतात सिव्हिल घे. तू मात्र दोन वर्षं रोज रात्री टेक कंपन्या, मंगळ, क्वांटम कॉम्प्युटर, मेंदूत बसवलेली चिप असले व्हिडिओ बघतोयस. फिजिक्स मनापासून आवडतं, कोडिंग मोबाईलवर शिकायला घेतलं आणि महिन्याभरात कंटाळा आला, हेही तू प्रामाणिकपणे लिहिलंस ते मला फार आवडलं. आणि शेवटी विचारलंयस, "मॅडम, कोडिंग तर एआयच करणार, मग कॉम्प्युटर घेऊन काय उपयोग? क्वांटम किंवा स्पेसमध्ये डायरेक्ट जाता येईल का? सिव्हिल म्हणजे मागं राहणं नाही का?"

आधी एक सांगते, ते व्हिडिओ बघणं बंद कर असं मी अजिबात म्हणणार नाही. ज्या पोराला रात्री अकरा वाजता रॉकेट बघावंसं वाटतं त्याच्यात काहीतरी आहे. फक्त बातमी बघून ब्रँच ठरवायची नाही, आणि ते का नाही हे मी जवळून बघितलंय.

२०१८ च्या फेब्रुवारीत मुंबई-पुणे हायपरलूपचा, म्हणजे हवा काढलेल्या नळीतून प्रचंड वेगाने धावणाऱ्या गाडीचा, एका अमेरिकन कंपनीशी करार झाला, पंतप्रधानांच्या हस्ते कार्यक्रम झाला, २५ मिनिटांत पुण्याहून मुंबई असं सगळीकडे छापून आलं. त्या उन्हाळ्यात माझ्याकडे येणारी निम्मी मुलं हायपरलूपबद्दलच विचारत होती, त्यासाठी कुठला कोर्स, कुठलं कॉलेज. पुढं २०२३ संपता संपता ती कंपनीच बंद पडली. आता हायपरलूप म्हणजे फसवणूक होती असं मी म्हणत नाही, आयआयटी मद्रासला ४०० मीटरच्या वर लांबीची टेस्ट ट्यूब उभी राहिलीये आणि तिथं विद्यार्थी खरंच काम करतात. पण चाचणीची ट्यूब आणि तिकीट काढून बसायची गाडी यात किती वर्षं जातील ते बातमीत नसतं, आणि ज्या मुलांनी तेव्हा मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल नीट शिकून घेतलं त्यांचं कंपनी बंद पडून काहीच बिघडलं नाही, ती दुसरीकडे लागली.

मंगळाचंही तसंच. इलॉन मस्कनी २०१७ साली ऑस्ट्रेलियात सांगितलं होतं की २०२२ ला सामान आणि २०२४ ला माणसं मंगळाकडे पाठवायचं ध्येय आहे. ती दोन्ही वर्षं गेली. पण त्याच स्पेसएक्सची पहिली तीन रॉकेटं लागोपाठ फेल गेली होती, चौथं २००८ च्या सप्टेंबरमध्ये कक्षेत पोचलं, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी परत येणारा अख्खा बूस्टर, म्हणजे रॉकेटचा खालचा भाग, टॉवरच्या हातांनी हवेत झेलला, तो व्हिडिओ तू नक्की बघितला असशील. म्हणजे तारीख चुकते पण काम खरं असतं. आणि ते काम कोण करतं? स्टारशिप हे त्यांचं मोठं रॉकेट स्टेनलेस स्टीलचं आहे, तिथं वेल्डर लागतात, मटेरियलवाले लागतात, वाळूवर एवढा मोठा टॉवर उभा करणारे सिव्हिलवाले लागतात. आपल्याकडे चांद्रयान ३ दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं २३ ऑगस्ट २०२३ ला, पण ते ज्या रॉकेटवर गेलं त्याच्या बूस्टरचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनतात आणि इंजिनं विक्रोळीला गोदरेजमध्ये. म्हणून कुठलीही बातमी आली की मी मुलांना दोनच गोष्टी विचारायला सांगते, हे नक्की कुठल्या टप्प्यावर आहे, आणि तिथं सकाळी नऊ वाजता कामाला कोण जातं.

आता कोडिंग. एआयच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचे जेन्सन हुआंग २०२४ मध्ये दुबईत म्हणाले की आता मुलांना प्रोग्रॅमिंग शिकायची गरज नाही, ते तू ऐकलंस आणि घाबरलास. अशीच एक गोष्ट सांगते. जेफ्री हिंटन म्हणजे एआयच्या पायाचं काम केलेला माणूस, ज्यांना २०२४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, ते २०१६ मध्ये म्हणाले होते की आता नवीन रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, तयार करणंच थांबवा, पाच वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल, फार तर दहा. विचार कर, त्या वर्षी एमबीबीएस झालेल्या एखाद्या मुलीने हे ऐकून रेडिओलॉजी सोडली असती तर? आज मशीन एक्स-रे वाचतं हे खरंय, आपल्या मुंबईतल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर छातीच्या एक्स-रेवरून टीबीचा संशय दाखवतं आणि जिथं डॉक्टर कमी आहेत तिथं त्याचा खरोखर उपयोग होतो. पण रेडिओलॉजिस्टची गरज काही संपलेली नाही. एवढ्या मोठ्या माणसाला मशीन काय करू शकेल ते दिसलं, पण रेडिओलॉजिस्टचा दिवस फक्त फोटो बघण्यात जात नाही, सर्जनशी बोलणं, पेशंटचा इतिहास, सुई कुठं घालायची हे ठरवणं, ते त्यांच्या हिशोबातून सुटलं.

तरी भीती अगदीच खोटी आहे असं सांगून मी तुला फसवणार नाही. टीसीएसने २०२५ च्या जुलैमध्ये साधारण १२ हजार लोक कमी करणार असं जाहीर केलं तेव्हा पालकांचे फोन थांबत नव्हते. फ्रेशरला जे ठरलेलं, तेच तेच काम मिळायचं ते आता एआय भराभर करतं, त्यामुळे नुसती डिग्री आणि पाठ केलेले प्रोग्रॅम यावर नोकरी मिळायचे दिवस अवघड झालेत. जे पोरगं चुकलेला कोड घेऊन तीन तास बसू शकतं, मशीनने लिहिलेल्या पन्नास ओळींत कुठं घोळ आहे ते शोधू शकतं, त्याने आजही बिनधास्त कॉम्प्युटर घ्यावं. तुला महिन्यात कंटाळा आला. मग एआय येवो न येवो, कॉम्प्युटर ही तुझी ब्रँच नाही असं मला वाटतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

क्वांटमचं थोडक्यात सांगते. सरकारने २०२३ ला ६००० कोटींच्या वरचं मिशन मंजूर केलंय, पैसा आहे, पण बारावीनंतर डायरेक्ट क्वांटममध्ये शिरायचा दरवाजा नाही, तिथं जायचा रस्ता फिजिक्स आणि गणितातून जातो, बीएस्सी-एमएस्सी-पीएचडी किंवा आयसर ही केंद्राची विज्ञान संस्था, नाहीतर इंजिनीअरिंग करून इलेक्ट्रॉनिक्स, लेसर, कूलिंग या बाजूने. ती आठ दहा वर्षांची वाट आहे, ती चालायची तयारी असेल तर मला परत लिही.

आणि मला ज्याचं सगळ्यात आश्चर्य वाटलं ते हे की तू वसमतला राहतोस, एवढे व्हिडिओ बघतोस आणि पत्रात लायगोचं नावच नाही! अरे, तुझ्या शेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा होणार आहे. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या दोन लायगोंनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहरी पकडल्या, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली त्याची थरथर, आणि ही यंत्रं प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाहून लहान हालचालही पकडू शकतात. तसंच यंत्र हिंगोली जिल्ह्यात, २६०० कोटींचं, केंद्राची मंजुरी एप्रिल २०२३ ची. त्याला चार-चार किलोमीटरचे दोन हात असतात, काटकोनात, आत जवळजवळ पूर्ण निर्वात. आता ऐक, चार किलोमीटरमध्ये पृथ्वीची गोलाई एक मीटरच्या वर उतरते, पण लेसरचा किरण तर सरळच जातो, म्हणून अमेरिकेत तिथलं काँक्रीट ती गोलाई भरून काढत अगदी सरळ रेषेत ओतावं लागलं होतं. हे काम सिव्हिलचं आहे. लायगो-इंडियामध्ये पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, इंदूर आणि गांधीनगरच्या संस्था यांच्या बरोबरीने चौथी आहे ती अणुऊर्जा विभागाची बांधकाम सांभाळणारी संस्था. बाबा ज्याला सिव्हिल म्हणतात आणि तू ज्याला भविष्य म्हणतोस ते तुझ्या घरापासून एका एसटीच्या अंतरावर एकाच जमिनीवर येणार आहे.

फॉर्मचं म्हणशील तर माझं मत असं. तुला फिजिक्स आवडतं, मोजमाप आवडतं, म्हणून नांदेडच्या एसजीजीएस इंजिनीअरिंग कॉलेजला इन्स्ट्रुमेंटेशन पहिलं ठेव, घरापासूनही जवळ, मग ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम), मग तिथलंच सिव्हिल. सेन्सर, कंट्रोल, व्हॅक्यूम, लेसर ही सगळी कामं या रस्त्याने जातात आणि लायगो उशिरा झालं तरी कारखान्यात, औषध कंपनीत, पॉवर प्लांटमध्ये हीच माणसं लागतात. पहिल्या राऊंडला पहिल्याच नंबरचं ऑप्शन लागलं तर सीट ऑटो फ्रीज होते, म्हणजे तीच पक्की होते, तेव्हा एखादी ब्रँच नुसती नावाला भारी वाटते म्हणून वर टाकू नकोस. सिव्हिल मिळालं तर नाराज होऊ नकोस, खरंच सांगते.

फॉर्म भरायच्या आधी एक दिवस बाबांबरोबर साईटवर जा आणि त्यांना विचार, बाबा, चार किलोमीटर सरळ लाईन धरायची तर लेव्हल कशी घ्याल? ते काय सांगतात ते लिहून घे आणि पर्सेंटाईल, कॅटेगरी यांच्याबरोबर मला पाठव, मग आपण ऑप्शनची यादी नक्की करू.