दिवाणखान्यात पलंग कुठून आला?

प्रश्न असा आहे: राज्याचा दिवाण, बसायचा दिवाण, गझलांचा दिवाण आणि दिवाणी दावा, यांत शब्द एकच का? आणि ‘दिवाना’ त्यांचा कोण?

शब्द एकच. दिवाण ठेवतात म्हणून दिवाणखाना, हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. आहे ते बरोबर उलटं. फारसीत दिवाण म्हणजे आधी नोंदवही (गझलांचा दिवाण ही अशीच वही), मग ती सांभाळणारी कचेरी, तिथे भरणारा दरबार आणि सगळ्यात शेवटी त्या दरबारात भिंतीलगत मांडलेली बैठक. पलंग हे या घराण्याचं शेंडेफळ! महसूल दिवाणाच्या हाती, म्हणून १७६५ साली शाह आलमकडून कंपनी सरकारने बंगालची मिळवली ती ‘दिवाणी’. जकातीला इटालियनमध्ये ‘दोगाना’ आणि फ्रेंचमध्ये ‘दुआन’ म्हणतात, तेही अरबीमार्गे गेलेलं हेच.

कारकून स्वतःशीच पुटपुटत हिशेब करताना दिसले, तेव्हा इराणचा खुस्रो बादशहा ‘दिवाने!’ (वेडे!) म्हणाला आणि त्यावरून कचेरीचं नाव दिवाण पडलं, अशी गोष्ट अकराव्या शतकातला अरबी ग्रंथकार मावर्दी सांगतो. गोष्ट झकास, व्युत्पत्ती बाद. ‘दिवाना’ हा ‘दीव’ म्हणजे राक्षस, त्याने झपाटलेला.

खरी गंमत पुढे आहे. जुन्या फारसीत ‘दिपि’ म्हणजे लेख. दिवाण म्हणजे मुळात ‘दिपि’ ठेवायचं घर. (दिवाणखान्यात ‘घर’ दोनदा आलं!) ‘दिपि’च्याही मागे, इराण-इराककडच्या प्राचीन भाषांत जा: एलामी ‘तुप्पि’, अक्कादी ‘तुप्पु’, सुमेरी ‘दुब’, म्हणजे लिहायची मातीची पाटी. हाच ‘दिपि’ आपल्याकडे ‘लिपी’ झाला. इथे ‘लिप्’ धातूवाले उसळतात: शाई लिंपतात ती लिपी. मग अशोकाचं काय करायचं? गिरनारच्या शिलालेखात ‘धंमलिपी’ आहे, पण वायव्येकडे, इराणच्या वाटेवर, शाहबाजगढीला त्याच वाक्यात ‘ध्रमदिपि’ कोरलंय. लेखनिकाचा हात घसरला म्हणावं, तर मानसेहऱ्यालाही ‘दिपि’च. शिवाय शिलालेख कोरतात. तिथे लिंपायला काय आहे? बरं, पाणिनीच्या सूत्रात ‘लिपि’च्या शेजारी ‘लिबि’ही आहे. अस्सल घरच्या धातूला असा जोडअवतार कशाला लागेल, ते या मंडळींनी एकदा सांगावं.

याच ‘दिपि’चा आणखी एक वंशज म्हणजे ‘दबीर’, लेखनिक. मराठीत तो ‘डबीर’ झाला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी फारसी पदनामं बदलली, तेव्हा डबिराचा सुमंत झाला, पण आडनावात डबीर टिकला. म्हणजे देवनागरी लिपी, डबीर आणि दिवाणी न्यायालय एकाच गोत्राचे.

‘दफ्तर’ मात्र या गोत्रात ओढू नका. ते ग्रीक ‘दिफ्थेरा’वरून, म्हणजे कमावलेल्या कातड्यावरून आलं. घशात कातड्यासारखा पडदा धरणाऱ्या घटसर्पाचं ‘डिप्थीरिया’ हे नावही तिथलंच.