व्हिएतनामच्या ग्रामीण भागात मोटरसायकलवर फिरायचं असेल तर कुठला रस्ता निवडावा?

उत्तरेचा ‘हा जियांग’ लूप, डोळे झाकून. हनोईहून रात्रीच्या स्लीपर बसने ‘हा जियांग’ गावात उतरा, गाडी तिथेच भाड्याने मिळते. फेरा साधारण 350 किलोमीटरचा. तीन दिवसांत होतो, पण चार द्याच.

डोंग वान ते मेओ वाकमधला मा पी लेंग घाट सगळ्यात देखणा: चुनखडीचे उघडे कडे, खोल दरीत न्यो क्वे नदीची हिरवी रेघ. दगडांच्या खाचांत माती भरून ह्मोंग जमातीचे शेतकरी मका लावतात, ते थांबून बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुट्टूची गुलाबी फुलं असतात.

तिथे वाहनं उजवीकडून चालतात. वळणावर आपला हात सवयीने डावीकडे वळतो, सांभाळा. घाटाचा सराव नसेल तर स्थानिक चालक घ्या आणि मागे बसा.