खानापूर भागात आमच्या घराला लागूनच भातशेती आहे. मुलांना मेंदूज्वर फक्त डासांमुळेच होतो का?

नाही, डास हे एकच कारण नाही. भातखाचरात वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमुळे जपानी मेंदूज्वर होतो. त्याचा विषाणू डुकरांत आणि बगळ्यांत वाढतो, माणसाकडून माणसाला लागत नाही. पण हर्पिस आणि एन्टेरोव्हायरस या विषाणूंना पसरायला डास लागत नाहीत, गोवर-गालगुंडही क्वचित मेंदूपर्यंत जातात. १९६५ साली नागपूरकडे सापडलेला चांदीपुरा विषाणू वाळूमाशीतून येतो. यांतल्या हर्पिसवर असायक्लोव्हिर हे खास औषध आहे, म्हणून संशय असला तर पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याचा रिपोर्ट यायच्या आधीच डॉक्टर ते सुरू करतात. कृपा करून अडवू नका. मात्र जिवाणूंमुळेही असाच आजार होतो, घरी फरक कळत नाही. तापात झटका आला किंवा मूल गुंगीत गेलं, तर लगेच बेळगावला सिव्हिलमध्ये न्या.